पडद्यावरचा मुकेश आणि गप्प केलेली जनुके

व्यसनांवरच्या तासाला मी नववीच्या वर्गाला ‘मुकेश’ ही जाहिरातफिल्म दाखवली. 2012 नंतर चित्रपटगृहांत सक्तीने दाखवली गेलेली, भुसावळच्या तरुणाची, अर्ध्या मिनिटाची फिल्म. ती संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, हा म्हणतो एकच वर्ष गुटखा खाल्ला. माझी आजी चाळीस वर्षं मशेरी लावते. तिला काही झालं नाही. मग?” वर्ग हसला; ती हसली नाही. तिच्या घरी आई आणि आजी दोघींनी विड्या वळूनच संसार चालवला. सोलापुरात असे घर प्रत्येक वर्गात सापडते. फिल्ममध्ये तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि त्या तासाला माझ्याजवळही नव्हते.

आधी फिल्मचे श्रेय तिला देऊ. तिच्यात नट नाही, सजावट नाही. रुग्णालयातल्या खाटेवरून एक पोरगा साध्या शब्दांत बोलतो आणि मागून आवाज येतो की तो आता हयात नाही. ऑक्टोबर 2009 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी तो गेला. पुढे पोरांनी त्याच्या वाक्यांचे विनोद केले, हा दोष फिल्मचा नव्हे.

दोष वेगळा आहे. फिल्मला सुरुवात आहे आणि शेवट आहे, मधला भागच नाही. पुडी फाडली आणि माणूस गेला! मधल्या काळात तोंडाच्या आत काय घडत होते, याचा एक शब्दही नाही. मग पाहणारा आपल्या ओळखीचे उदाहरण शेजारी ठेवतो आणि आजी जिंकते. एक चेहरा धोका जिवंत करतो, पण धोका किती हे सांगू शकत नाही. त्यासाठी मोजदादच करावी लागते. ती आपल्याच जिल्ह्यात होते. बार्शीला 1987 पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू झाली आणि बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावांमधून रुग्णांच्या नोंदी जमू लागल्या. अशा नोंदवहीत आजीही मावते आणि मुकेशही.

त्याच काळातली दुसरी फिल्म ‘स्पंज’. फुप्फुस स्पंजासारखे, पिळले की काळे डांबर गळते. दृश्य प्रभावी आहे, पण धडा चुकीचा मिळतो. कर्करोग म्हणजे साचलेली घाण, असे मुले समजतात. गुटख्यात धूर नाही, डांबर नाही, मग तो बरा, हा निष्कर्ष मी स्वतः मुलांच्या तोंडून ऐकला आहे. वास्तविक नुसत्या सुपारीलाही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये निश्चित कर्ककारकांच्या यादीत घातले.

मग मधला भाग कसा सांगावा? आपण शिक्षक सहसा ‘तंबाखूने जनुके बिघडतात’ असे म्हणून फळा पुसतो. हे अर्धेच आहे. सोलापूरच्या मुलांना मी जॅकार्डचा माग आठवायला सांगतो. चादरीची नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर ठरते. भोक असेल तेथे सुई आत जाते आणि तो धागा उचलला जातो. नक्षी दोन प्रकारे बिघडेल. भोक चुकीच्या जागी पडले तर ते उत्परिवर्तन. दुसरा प्रकार असा, की पुठ्ठा शाबूत आहे, भोकेही बरोबर आहेत, फक्त काही भोकांवर कागदाची पट्टी चिकटली आहे. सुई अडते. पेशीतली ही पट्टी म्हणजे मिथिल गट, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. जनुकाच्या आरंभीच्या भागातील सायटोसिनवर असे गट दाटीने बसले की ते जनुक वाचले जात नाही. मजकूर जागेवर असतो, आवाज बंद. शिवाय पेशी दुभंगताना एक विकर नव्या प्रतीवरही त्याच जागी पट्ट्या लावते, म्हणून मौन लेकीबाळींत उतरते.

पट्ट्या लावणे हा मुळात रोग नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे. डोळ्याच्या पेशीने यकृताची जनुके गप्प ठेवलीच पाहिजेत. घात होतो तो ब्रेकवरच पट्टी बसते तेव्हा. पेशीविभाजनाला थांबवणारे पी-16 हे प्रथिन बनवणारे जनुक तोंडाच्या कर्करोगात पुष्कळदा असे गप्प झालेले आढळते. कधी ते तुटून नाहीसेही होते. ई-कॅडहेरिन गप्प झाले की शेजारच्या पेशींची एकमेकींवरची पकड सुटते. सर्वांत बोलके उदाहरण एमजीएमटीचे. तंबाखूतील काही नायट्रोसामाइने डीएनएमधल्या ग्वानिनवर मिथिल गट डकवतात आणि एमजीएमटी तो उपटून काढते. म्हणजे तोच चिमुकला गट सायटोसिनवर बसला तर मौन, ग्वानिनवर बसला तर इजा. आता एमजीएमटीचेच जनुक गप्प झाले तर? इजा तशीच राहते आणि पुढच्या प्रतीत अक्षर बदलते. मौनातून मोडतोड जन्मते. उलटही घडते. गालफड आणि हिरडीच्या कर्करोगावर खारघर आणि बंगालमधील कल्याणी येथील शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एमएलएल-4 आणि एआरआयडी-2 ही जनुके मोडलेली सापडली. डीएनएची गुंडाळी घट्ट ठेवायची की सैल, हे ठरवण्यात त्यांचा हात असतो.

आजीचे कोडे येथे थोडे सुटते. एक ब्रेक गेल्याने गाडी दरीत जात नाही, अनेक जावे लागतात. कोणाचे किती गेले हे बाहेरून दिसत नाही. आजीला ‘काही झालं नाही’ म्हणजे गाठ झाली नाही, इतकेच.

हल्ली एक नवी टूम निघाली आहे: पट्टी काढता येते, म्हणून अमुक काढा प्या, तमुक विचार करा, जनुके जागी होतील. अशा पुस्तकांपासून वर्गाला वाचवावे. मिथिल गट बसू न देणारे अझासायटिडिन हे औषध अमेरिकेत 2004 मध्ये मान्य झाले, पण अस्थिमज्जेच्या विकारासाठी. तोंडाच्या कर्करोगावर तो नेहमीचा उपचार नाही. आणि हवी ती पट्टी ठेवून नको ती काढणे त्याला जमत नाही.

मला ‘मुकेश’मध्ये दहाच सेकंद जास्त हवी होती. त्यात गालाच्या आतला न पुसला जाणारा पांढरा चट्टा दाखवायचा, लाल चट्टा दाखवायचा, आणि तीन बोटे उभी मावत नाहीत इतके आखडलेले तोंड. पुढच्या तासाला मी ही चित्रे फळ्यावर काढली. त्या मुलीने ती वहीत उतरवून घेतली आणि विचारले, “आजीचं तोंड घरी कंदिलाच्या उजेडात बघितलं तर चालेल का, का दवाखान्यातच न्यायचं?” मी म्हटले, उजेड बॅटरीचा घे, आणि काही दिसो न दिसो, दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवच.