१११ पैकी ११०: आकडा खरा, वाचन चुकीचं

डोक्याच्या दुखापतीच्या भीतीने खेळाडू लवकर निवृत्त होतात, या विषयावर काहीही वाचायला घ्या, एक आकडा हमखास भेटतो. १११ पैकी ११०. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, त्यात ११० मेंदूंमध्ये सीटीई सापडला. सीटीई म्हणजे क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडला गेलेला हा आजार आहे आणि त्यात मेंदूच्या घड्यांमध्ये, बारीक रक्तवाहिन्यांभोवती टाऊ नावाचं प्रथिन साचतं. बोस्टन विद्यापीठाच्या गटाचा हा पेपर जुलै २०१७ मध्ये 'जामा' या नियतकालिकात आला आणि बातम्यांमध्ये त्याचं '९९ टक्के खेळाडूंना मेंदूचा आजार' असं झालं.

पेट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी हा पेपर मुद्दाम वाचावा. चांगलं संशोधन आणि त्याचं वाईट वाचन, दोन्ही एकाच ठिकाणी बघायला मिळतं.

आधी छेद बघा. १११ हा आकडा आला कुठून? हे मेंदू कुटुंबीयांनी दान केले होते. घरातल्या माणसाचा स्वभाव बदलतोय, स्मरण जातंय, चिडचिड वाढलीय, हे ज्यांनी पाहिलं ती कुटुंबं दान करायला जास्त पुढे येणार. घाटीच्या तापाच्या वॉर्डात बसून डेंग्यूच्या तपासण्या केल्या आणि 'शहरात एवढे टक्के डेंग्यू' असं जाहीर केलं तर तुम्ही हसाल ना? इथे तेच होतं. याला निवडीचा पक्षपात म्हणजे सिलेक्शन बायस म्हणतात. लेखकांनी स्वतःच पेपरमध्ये ही मर्यादा लिहिली आहे. बातमी करणाऱ्यांनी तेवढा परिच्छेद सोडला.

मग पेपर टाकाऊ आहे का? अजिबात नाही. 'बायस आहे' एवढं म्हणून थांबणं हा आपल्याकडच्या सेमिनारमधला आवडता आळस आहे. पुढचा प्रश्न विचारायचा: बायस धरूनही काय उरतं?

एक, किमान मर्यादा. ज्या काळात हे मेंदू गोळा झाले त्या काळात एनएफएलचे साधारण १३०० माजी खेळाडू वारले. समजा, न तपासलेल्या सगळ्यांचे मेंदू ठणठणीत होते. तरी ११० भागिले १३०० म्हणजे जवळपास साडेआठ टक्के. खरं प्रमाण याच्या वर कुठेतरी आहे. ९९ टक्के नाही, पण दुर्लक्ष करण्याइतकं कमीही नाही.

दोन, आतली तुलना. एकूण मेंदू २०२ होते. फक्त शाळेपर्यंत खेळलेल्या १४ जणांपैकी ३ मध्ये सीटीई, कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ पैकी ४८ मध्ये, आणि एनएफएलच्या १११ पैकी ११० मध्ये. सगळे दान केलेलेच मेंदू, तरी खेळ जितका वरच्या पातळीवर तितकं प्रमाण वाढतं. गट लहान आहेत, मान्य. पण नुसत्या बायसने हा चढ समजावून सांगणं अवघड जातं.

तीन, पद्धत. मेंदू तपासणाऱ्यांना त्या माणसाची लक्षणं माहीत नव्हती आणि कुटुंबीयांशी बोलणाऱ्यांना तपासणीचा निकाल माहीत नव्हता. ही शिस्त शिकण्यासारखी आहे. कमतरता तुलना गटाची. न खेळलेल्या माणसांचे मेंदू शेजारी ठेवलेले नाहीत.

ती कमतरता दुसऱ्या रस्त्याने भरून काढली ग्लासगोच्या गटाने, २०१९ मध्ये. त्यांनी स्कॉटलंडचे ७६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटू घेतले (आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो) आणि वय, वस्ती वगैरे जुळणारे २३०२८ सामान्य लोक घेतले. मेंदू मागितले नाहीत, मृत्यूच्या नोंदी वापरल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजाराने खेळाडूंमध्ये १.७ टक्के मृत्यू, इतरांमध्ये ०.५ टक्के. धोका साधारण साडेतीन पट. हेच खेळाडू हृदयविकाराने आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाने मात्र कमी मेले. म्हणजे खेळाने आयुष्य दिलंही आणि काही हिरावलंही. या अभ्यासातली फट अशी की कोणी किती वेळा हेडिंग केलं, किती धक्के खाल्ले, हे मोजलेलं नाही. २०२१ मध्ये त्याच गटाने जागेनुसार विभागणी केली. गोलकीपरचा धोका सामान्य माणसाइतकाच निघाला, बचावपटूंचा सर्वाधिक. थेट मोजमाप नव्हे, पण बोट त्याच दिशेला.

आता आपल्याकडे या. डोक्याची दुखापत म्हटलं की आपल्याला नरी कॉन्ट्रॅक्टर आठवतात. मार्च १९६२, बार्बाडोस, चार्ली ग्रिफिथचा चेंडू, हेल्मेट नाही. कवटी फुटली. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता, तसे आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णीही. कॉन्ट्रॅक्टर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, भारताचे कर्णधार. ते बरे झाले, पुढे अनेक वर्षं प्रथम दर्जाचं क्रिकेट खेळले, पण कसोटीसाठी त्यांची निवड पुन्हा झाली नाही. त्यांना खेळायचं होतं. उलट २०१५ मध्ये एनएफएलचा ख्रिस बोरलँड चोवीस वर्षांचा, एकच हंगाम खेळलेला, आणि स्वतःहून बाहेर पडला.

दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात घालू नका. एक मोठा आघात दिसतो, एक्स-रेत येतो. लहान लहान धक्क्यांचा साठा दिसत नाही आणि सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. क्रिकेटमधला कन्कशन सब्स्टिट्यूटचा नियम पहिल्या प्रकारासाठी आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आला, तेव्हा वाद पेटला तो बदली खेळाडू समान होता का यावर. डोकं बाजूलाच राहिलं.

बोरलँडचा निर्णय या पेपरच्या दोन वर्षं आधीचा. मग तो अवैज्ञानिक होता का? मला तसं वाटत नाही. धोक्याचं नेमकं प्रमाण किती, हा संशोधनाचा प्रश्न. नुकसान परत न भरणारं असेल तर किती पुराव्यावर थांबायचं, हा माणसाचा प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर द्यायला पहिल्याचं उत्तर पूर्ण व्हावंच लागतं असं नाही. पण संशोधक म्हणून आपण दुसऱ्याच्या घाईत पहिल्याचा आकडा फुगवायचा नाही.

हा प्रश्न अमेरिकेचा म्हणून सोडूही नका. डोक्यावरच्या ठोशांनी मेंदू बिघडतो, हे मार्टलँडने १९२८ मध्ये बॉक्सरांबद्दलच लिहिलं होतं, आणि आपल्या विद्यापीठाच्या परिसरातल्या साईच्या केंद्रात मुलं-मुली बॉक्सिंग शिकतात. कोणाला यावर प्रस्ताव लिहायचा असेल तर सुरुवात तीन ओळींनी करा: छेदात कोण, तुलना कोणाशी, धक्के मोजणार कसे. या तीन ओळी जमल्या नाहीत तर पुढची वीस पानं लिहू नका.