तिच्या हिशेबाची वही

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत ८ मार्चचा कार्यक्रम होता. पाहुण्या म्हणून एका माजी विद्यार्थिनीच्या अम्मींना बोलावले होते. मोहल्ल्यातल्या एका खोलीत, एका शिलाई मशीनवर त्यांनी बुरखे शिवायला सुरुवात केली. आज त्यांच्याकडे चौदा मशिना आहेत आणि त्यांचा माल शेजारच्या तीन जिल्ह्यांत जातो. नववी-दहावीच्या मुलींनी चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून दिले होते. ते निवडण्याचे काम आमच्याकडे होते. पतीची परवानगी कशी मिळाली, घरचा स्वयंपाक कोण करते, मुलांना कोणाजवळ ठेवले, नातेवाईक काय म्हणाले, असे बहुतेक प्रश्न होते. एका चिठ्ठीत मात्र लिहिले होते, पहिल्या मशीनचे पैसे कुठून आणले? ती चिठ्ठी आम्ही बाजूला ठेवली. पाहुण्यांना पैशांबद्दल विचारणे बरे दिसत नाही, असे आम्हाला वाटले. त्यांच्या पतीबद्दल भरसभेत विचारणे मात्र आम्हाला खटकले नाही!

कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना त्यांनी पिशवीतून एक लांबट वही काढली. म्हणाल्या, "आपा, मुलींना दाखवायला आणली होती. कापडाचा भाव, उधारी, कोणाकडून किती येणे, सगळे यात आहे. पण तसे कोणी विचारलेच नाही."

ती वही न उघडताच पिशवीत परत गेली. तेव्हापासून यशस्वी स्त्री-उद्योजकांवरचे लेख, मुलाखती, पुस्तके आम्ही वेगळ्या नजरेने वाचू लागलो आहोत. या लेखनात वही उघडली जाते का, हा आमचा प्रश्न आहे.

उर्दूत कुतूहलाला 'तजस्सुस' म्हणतात. वर्गात आम्ही हा शब्द कौतुकाने वापरतो, मुलांमध्ये तजस्सुस असावा असे पालकांना सांगतो. पण सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत याच शब्दाने दुसऱ्याच्या खासगी गोष्टी चोरून शोधण्याला मनाई केली आहे, आणि त्याच आयतीत गीबतीचाही निषेध आहे. शब्द एकच आहे. कशासाठी शोधायचे, यावरून तो सद्गुण ठरतो किंवा दुर्गुण. समीक्षकाने यशोगाथा तपासताना हीच कसोटी लावावी, असे आम्हाला वाटते.

इंद्रा नूयी यांचे उदाहरण घ्या. मद्रासमध्ये जन्मलेल्या या बाई २००६ ते २०१८ या काळात पेप्सिको या बलाढ्य कंपनीच्या मुख्याधिकारी होत्या. त्यापूर्वीच कंपनीने १९९७ मध्ये आपला रेस्टॉरंटचा व्यवसाय वेगळा काढला, १९९८ मध्ये ट्रॉपिकाना घेतली, २००१ मध्ये क्वेकर ओट्स आपल्यात सामील करून घेतली. या सर्व निर्णयांत नूयींचा मोठा वाटा होता. पण आपल्याकडच्या सामान्य वाचकाला त्यांच्याविषयी काय ठाऊक असते? तर दुधाची गोष्ट. कंपनीचे अध्यक्षपद मिळाल्याची बातमी घेऊन त्या रात्री घरी आल्या आणि आईने त्यांना आधी दूध आणायला पाठवले! २०१४ च्या एका जाहीर मुलाखतीत त्यांनी हा प्रसंग सांगितला आणि तो जगभर फिरला. कोणी त्यातून संस्काराचा धडा काढला, कोणी आईवर टीका केली. वेफर्स आणि सरबते विकणाऱ्या कंपनीने ओट्सची कंपनी का घ्यावी, हा प्रश्न मात्र फारसा कोणाला पडला नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. नूयींनी २०२१ मध्ये आत्मचरित्र लिहिले, त्यात घर, मुली, सासर-माहेर भरपूर आहे. पण त्या घरगुती अनुभवातून सार्वजनिक मागणी उभी करतात. बाळंतपणाची पगारी रजा, नोकरीत वेळेची लवचीकता आणि मुलांच्या व वृद्धांच्या देखभालीची सोय या गोष्टी अर्थव्यवस्थेचा भाग मानाव्यात, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे दूध कोणी आणायचे, हा त्यांच्या लेखी धोरणाचा प्रश्न आहे. वर्तमानपत्रांनी दूध तेवढे घेतले आणि धोरण सोडून दिले.

ही नजर फक्त वाचकांची करमणूक करून थांबली असती तर आम्ही एवढे लिहिले नसते. तिचा परिणाम व्यवहारावर होतो. किरण मजुमदार यांनी १९७८ मध्ये बंगळूरमध्ये, भाड्याच्या घराच्या गॅरेजात, दहा हजार रुपयांवर बायोकॉन सुरू केली. पपईपासून निघणारे एन्झाइम हे त्यांचे सुरुवातीचे उत्पादन. कर्ज मागायला गेल्यावर वडिलांची हमी आणा, असे त्यांना सांगण्यात आल्याचे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. मुलगी कोणाची, लग्न झाले का, उद्या सासरी गेली तर कारखान्याचे काय, हे प्रश्न मुलाखतकाराने विचारले तर लेख बिघडतो, बँकेच्या अधिकाऱ्याने विचारले तर कर्ज बुडते. दोघेही ते एकाच सवयीने विचारतात.

मग खासगी आयुष्य लिहूच नये का? असे म्हणणे सोपे आहे, पण आम्हाला ते पटत नाही. कल्पना सरोज या अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या. दलित कुटुंबातील या मुलीचे बाराव्या वर्षी लग्न झाले, सासरी छळ झाला, पुढे मुंबईत शिलाईच्या कामावर त्यांनी पोट भरले. हे सारे त्या स्वतः सभांतून सांगतात. ती साक्ष आहे आणि ती ऐकलीच पाहिजे. आमची तक्रार पुढच्या पानाबद्दल आहे. बालविवाहावर लेखकाचे तीन परिच्छेद होतात आणि कमानी ट्यूब्ज एका ओळीत उरकते. कामगारांच्याच मालकीचा झालेला, शंभर कोटींहून अधिक कर्जात बुडालेला हा कारखाना २००० नंतर त्यांच्या हाती आला. बँकांशी बोलणी करून दंड आणि व्याज कसे कमी करून घेतले, कामगारांची देणी कशी भागवली, हा खरा रोमांचक भाग आहे. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती व्यापार आणि उद्योगासाठी होती, सोसल्याबद्दल नव्हे. सोसणे सविस्तर लिहायचे आणि बुद्धी एका ओळीत, याने वाचक मुलीच्या हाती काय लागते? रडून झाल्यावर काय करायचे, ते तिला कळत नाही.

आमच्या स्वतःच्या परंपरेकडे वळतो. सीरतच्या जलशात हजरत खदीजा (रजि.) यांचा उल्लेख होत नाही असे सहसा घडत नाही. वक्ता काय सांगतो? त्यांचे वय चाळीस, प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पंचवीस. काही रिवायतींत खदीजांचे वय २८ आहे, त्यावरही वाद रंगतो. पण त्या मक्केतल्या प्रतिष्ठित व्यापारी होत्या, नफ्यातला हिस्सा ठरवून माणसे नेमत, त्यांचा माल काफिल्यांबरोबर सीरियाकडे जाई. भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची आणि नफा ठरल्याप्रमाणे वाटायचा, या पद्धतीला फिकहमध्ये मुदारबत म्हणतात. प्रेषितांची सचोटी त्यांनी आधी पारखली ती याच व्यवहारात. निकाह पुढची गोष्ट. आमचे किती वक्ते मुलींना मुदारबत समजावून सांगतात?

उर्दू साहित्याचा उगम तरी वेगळे काय सांगतो? नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' १८६९ ची. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिच्यातली असगरी आज आम्हाला जरा जास्तच शहाणी वाटते, हे कबूल. पण सासरच्या घरात अजमत नावाची मामा वर्षानुवर्षे जी लबाडी करत असते, ती असगरी देणेकऱ्यांचे हिशेब समोरासमोर ताडून उघड करते. आमच्या कथात्मक गद्याच्या आरंभीच एक स्त्री हिशेब तपासताना दिसते. लेखकाला तो प्रसंग रूक्ष वाटला नाही, वाचकालाही नाही. दीडशे वर्षांनंतर आमच्या पुरवण्यांना मात्र हिशेब कंटाळवाणा वाटतो.

स्त्रियांच्या उद्योगाची गोष्ट आकड्यांनिशी सांगता येते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. ही हकीकत सांगताना आजही ते ८० रुपये आधी आठवतात. तिथे सात जणी होत्या, एकच चेहरा नव्हता, म्हणून कोणा एकीच्या घरात डोकावण्याची सोय झाली नाही आणि लेखकांना कामाकडे पाहावे लागले, असे आम्हाला वाटते.

आता त्या बाजूला ठेवलेल्या चिठ्ठीबद्दल. काही महिन्यांनी आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो आणि उशिरा का होईना, तो प्रश्न विचारला. पहिले मशीन भिशीच्या पैशांतून आले होते. मोहल्ल्यातल्या अकरा जणींची भिशी, बाईंचा नंबर सातवा. जिचा पहिला होता तिने आपला नंबर यांना दिला. का दिला, असे विचारल्यावर बाई हसून म्हणाल्या, "तिला माहीत होते ना, घरात काय चालले आहे ते."

म्हणजे घरातली गोष्ट त्या शेजारणीलाही माहीत होती. तिने तिचे भांडवल केले, आम्ही तिचा प्रश्नोत्तराचा कार्यक्रम केला. चिठ्ठीवर मुलीचे नाव नव्हते, त्यामुळे हे उत्तर तिच्यापर्यंत पोहोचवणे आम्हाला जमले नाही. आता वर्गात दरवर्षी सर्वच मुलींना ते सांगतो.