लुगड्याची लांबी
वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांच्या कारकिर्दीकडे आम्ही पाहतो ते गोव्याच्या कुणबी लुगड्याच्या अंगाने. लाल चौकड्यांचे, खांद्यावर गाठ मारून आखूड नेसायचे हे वस्त्र शेतात राबणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांचेही होते. कामकरणीचे म्हणून त्याकडे पाहण्याची सवय आपल्या समाजालाही होती. फॅशनच्या मंचावर नेताना रॉड्रिक्स यांनी त्याची लांबी वाढवली. लुगड्यास मान मिळाला. चिखलातले कष्ट मात्र त्या लांबीखाली झाकले गेले. 'मोडा गोवा' (२०१२) या ग्रंथात ते पानो-भाजूच्या पंक्तीस, आपल्या इतिहासासह भेटते. हा संग्राहक आम्हांस त्या वेशकारापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. कोलवाळचे राहते घर त्यांनी वस्त्रसंग्रहालयासाठी दिले; ते खुले होण्यापूर्वीच, १२ फेब्रुवारी २०२० रोजी, ते निवर्तले.