‘मनाचे श्लोक’ आणि आरोग्याचे आत्मपरीक्षण : एक चिकित्सा

समर्थ रामदासांच्या ‘मनाच्या श्लोकां’कडे तणाव-व्यवस्थापनाचा ग्रंथ म्हणून पाहण्याची प्रथा महाविद्यालयीन चर्चासत्रांतून रूढ झाली आहे. २०५ श्लोकांच्या या रचनेत चिंतन व आत्मपरीक्षण यांना मोठे स्थान आहे, हे निर्विवाद. तथापि या वाचनात काय गाळले जाते, याची चिकित्सा आवश्यक वाटते.

तिसऱ्या श्लोकात प्रभातकाळचे रामचिंतन, त्यापाठोपाठ वैखरीने नामोच्चार आणि मग सदाचाराचा आग्रह असा क्रम येतो. मन, वाणी व आचरण यांची ही सांगड पाहून जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ च्या घटनेतील शारीरिक, मानसिक व सामाजिक सुस्थितीची व्याख्या शेजारी ठेवण्याचा मोह होतो. तो स्वाभाविक असला, तरी रामदासांचे उद्दिष्ट भक्ती आहे, आरोग्य नव्हे.

खरी अडचण अकराव्या श्लोकात आहे. सर्वसुखी कोण, हे मनानेच विचारपूर्वक शोधावे, हा त्याचा पूर्वार्ध व्याख्यानांतून आवडीने सांगितला जातो. उत्तरार्धात मात्र वाट्याला आलेले भोग मनाच्याच पूर्वसंचिताचे फळ ठरतात. भक्तीच्या चौकटीत हे उत्तर सुसंगत आहे. परंतु नैराश्यग्रस्त विद्यार्थ्यापुढे ते उपचार म्हणून ठेवल्यास आजाराचा दोष त्याच्याच माथी येतो. (पूर्वार्धापाशीच थांबणाऱ्या वक्त्यांना हे जाणवत असावे!)

याउलट ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न विचारते, ० ते २७ गुण देते आणि कारणांविषयी मौन पाळते. हे मौन रूक्ष खरे, पण रुग्णाच्या हिताचे. नववा प्रश्न मृत्यूच्या वा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तेथे होकार आल्यास एकूण गुण कमी असले तरी तज्ज्ञाने लक्ष घालणे अगत्याचे ठरते. श्लोकांत मनच परीक्षक आणि मनच परीक्षार्थी. तिसऱ्या माणसाकडे जाण्याचा असा टप्पा तेथे नाही.

ध्यानाच्या परिणामांबाबतही संयम हवा. ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मधील २०१४ च्या आढाव्यात ४७ चाचण्या तपासल्या गेल्या. सजगता-ध्यानाने चिंता, नैराश्य व वेदना काही प्रमाणात कमी होतात, यास मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला. औषध वा व्यायामापेक्षा ध्यान सरस असल्याचा मिळाला नाही. नामस्मरणाला जवळच्या मंत्रप्रधान ध्यानाबाबत तर पुरावा तोकडाच होता.

श्लोकांची जागा मराठीच्या वर्गात पक्की आहे. मेंटॉर म्हणून विद्यार्थ्यासमोर बसताना मात्र प्राध्यापकाजवळ समुपदेशकाचे नाव हवे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही.