नावाची पागडी

मुंबईत एकदा तरी जागा शोधलेल्या माणसाला पागडी समजावून सांगावी लागत नाही. जागा घरमालकाची, राहणारा नुसता भाडेकरू. पण खोली सोडताना तो येणाऱ्याकडून अशी काही रक्कम मागणार, की जणू इमारतीचा पाया त्याच्या पणजोबांनी स्वतः खणला होता! इंटरनेटवरच्या जुन्या नावांचा बाजार पाहिल्यापासून माझी खात्री झाली आहे, की ही विद्या गिरगावातूनच तिकडे गेली असावी.

नाव म्हणजे डोमेन नेम, वेबसाइटचा पत्ता. तो कुणाच्याही मालकीचा होत नाही, ही पहिली गंमत. डॉट कॉमच्या नावाची नोंदणी मिळते, तीही एका वेळी फार तर १० वर्षांची. त्या नावांची मूळ वही व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे असते. २०२४ साली तिचा दर नावामागे वर्षाला १०.२६ डॉलर झाला. मधला रजिस्ट्रार त्यावर आपले चार पैसे चढवतो. म्हणजे महिन्याला चार-पाच वडापावांचे भाडे म्हणा. १९९५च्या सप्टेंबरपर्यंत तर तेवढेही नव्हते, नाव फुकट मिळे.

आता या खोलीची पागडी ऐका. बिझनेस डॉट कॉम हे नाव १९९९ साली ७५ लाख डॉलरला गेले, आणि २०१९ साली व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरला. नुसते नाव हं! बरोबर गिऱ्हाईक नाही, माल नाही, गल्ल्यावरची गणपतीची तसबीरसुद्धा नाही.

यावर मी हसतो, रागावत नाही. 'बिझनेस' हा शब्द काही कुणाच्या तीर्थरूपांचा नव्हे. एकाने तो आधी अडवला, दुसऱ्याच्या खिशात पैसा खुळखुळत होता, त्याने तो दिला. दोघेही सज्ञान. आपले काय गेले?

माझे भांडण आहे ते दुसऱ्या धंद्याशी. चालत्या-बोलत्या नावाची मुदत चुकून संपते, आणि ते उचलायला कुणीतरी टपूनच बसलेला असतो. नियम तसा दयाळू आहे. डॉट कॉमचे नाव वहीतून काढायला घातले, तरी ३० दिवस मूळ माणसाला दंड भरून ते परत मिळते. नंतर ५ दिवस ते त्रिशंकूसारखे लटकते, आणि मग सुटते. सुटल्या क्षणी झेलायला लोकांनी यंत्रे लावून ठेवलेली असतात. पण चांगले नाव तिथवर पोचतच नाही. पुष्कळदा ज्याच्याकडे आपण विश्वासाने नोंदवले, तो रजिस्ट्रारच मुदत टळल्यावर थोड्या दिवसांत ते लिलावात मांडतो. बारावे व्हायच्या आत दलाल खोली दाखवायला यावा, तसे!

आमच्या भागातल्या वाचनालयाचे असेच झाले. नाव ज्या उत्साही पोराने नोंदवले होते, तो शिकायला परदेशी गेला. मुदतीची स्मरणपत्रे त्याच्या जुन्या ई-मेलवर जात राहिली. एके दिवशी चिटणीसांनी वेबसाइट उघडली, तो दिवाळी अंकांच्या यादीच्या जागी रमी! पत्ते पिसणारी एक बाई त्यांना लाखभर रुपये जिंकण्याचा आग्रह करीत होती.

"अहो, नाव परत मागा की त्यांच्याकडे," मी म्हटले.

"मागितलं. बाराशे डॉलर म्हणाले. आपलं वर्षाचं पुस्तकखरेदीचं बजेट माहितीय ना तुम्हाला?"

दाद मागायची सोय आहे, नाही असे नाही. १९९९ सालापासून अशा तंट्यांसाठी पंच नेमण्याची पद्धत आहे. पण नाव हा तुमचा ट्रेडमार्क आहे आणि समोरच्याने ते वाईट हेतूने घेतले, वापरले, हे तुम्ही दाखवायचे. शिवाय जिनिव्हाच्या वायपो संस्थेकडे एका पंचापुढे अर्ज करायचीच फी १,५०० डॉलर. मागणी १,२०० डॉलरचीच का, हे आता आपल्या ध्यानात आले असेल. गणितात ही माणसे कच्ची नसतात.

हे लोक स्वतःला 'गुंतवणूकदार' म्हणवून घेतात आणि जमिनीचा दाखला देतात. जमीन घेणारा निदान कुंपण घालतो, सारा भरतो, जमल्यास दोन नारळ लावतो. यांनी काय लावले? जुन्या नावाला भाव येतो, तो त्यावर लोकांची वहिवाट असते म्हणून. कुणी तो पत्ता पत्रिकेवर छापलेला असतो, कुणी आपल्या लेखात दिलेला असतो. वाट लोकांनी पाडलेली, टोलनाका मात्र यांचा. आयत्या बिळावरच्या नागोबाने निदान उंदराकडे भाडे मागितल्याचे ऐकिवात नाही.

घेणाराही फसतो बरे का. जुने नाव घेण्यापूर्वी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याचा पूर्वेतिहास पाहावा. नाहीतर आपण भक्तिसंगीताची वेबसाइट काढायची आणि त्या पत्त्यावरून पूर्वी भलत्याच गोळ्या विकल्या गेलेल्या असायच्या. मग आपली पत्रे लोकांच्या टपालपेटीत न पडता थेट स्पॅमच्या कचऱ्यात. मूळ धन्याला घोर वेगळाच. नावाबरोबर त्यावरच्या ई-मेल पत्त्यांचे टपालही नव्या माणसाला हवे तर मिळू शकते. आमचे सभासद पत्ता बदलला, फोन बदलला की वाचनालयाला त्याच पत्त्यावर कळवीत. ते आता कोण वाचत असेल, या विचाराने चिटणीसांची झोप उडाली आहे, आणि ती रास्तच आहे.

वाचनालयाने शेवटी तेच नाव मध्ये एक आडवी रेघ घालून नोंदवले, या खेपेला थेट १० वर्षांसाठी. चिटणीस फोनवर प्रत्येकाला बजावतात, "मधली आडवी रेघ विसरू नका हं." लोक विसरतात, आणि रमीवर पोचतात. दोन सभासद गेल्या महिन्यापासून पुस्तक बदलायला आलेले नाहीत.