नोकरी सोडावीशी वाटणे आणि नोकरी सोडणे : प्रबंधांतली एक गल्लत

रिटेल कंपन्यांतले कर्मचारी नोकरी सोडण्याचा विचार का करतात, हा पीएच.डी.साठी नेहमी निवडला जाणारा विषय. पद्धतही ठरलेली. पगार, कामाचे तास, वरिष्ठांची वागणूक यांवर पाच पर्यायांची प्रश्नावली भरून घ्यायची, सहसंबंध काढायचा आणि शेवटी 'प्रशिक्षण द्यावे' अशी शिफारस करायची. यात गडबड कुठे होते ते बघा.

पहिली गोष्ट, प्रश्नावली भरतात ते अजून कामावर असलेले लोक. सोडून गेलेले नमुन्यात नसतातच. म्हणजे सोडण्याची कारणं आपण न सोडलेल्यांना विचारतो!

दुसरी गोष्ट. मार्च आणि सायमन यांनी 1958 सालीच 'ऑर्गनायझेशन्स' या पुस्तकात दोन प्रश्न वेगळे केले: सोडावंसं वाटतं का? आणि सोडणं सोपं आहे का? आपण बऱ्याचदा पहिलाच विचारतो. विज्ञानवाल्यांना हे लगेच कळेल. हिऱ्याचं ग्रॅफाइट होणं ऊर्जेच्या दृष्टीने अनुकूल असतं, तरी अंगठीतला हिरा तसाच राहतो, कारण मधला अडथळा मोठा.

आपला बीड जिल्हा घ्या. मोठे उद्योग कमी. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर ऊसतोडीला बाहेर पडतात. अशा ठिकाणी कापडाच्या शोरूममध्ये चार वर्षं टिकलेला मुलगा समाधानी आहे, असं कशावरून? कदाचित त्याला दुसरं काही मिळत नसेल. पुण्यातल्या आणि बीडमधल्या आकड्यांची थेट तुलना म्हणूनच फसवी ठरते.

तिसरी गोष्ट शिफारशीची. दिवसभर उभं राहून पाय भरून येत असतील तर प्रशिक्षण काय करणार? केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कर्मचाऱ्यांना बसायची सोय देणं कायद्याने बंधनकारक केलं. 'कामाचे वातावरण समाधानकारक आहे' या विधानावर टिक मारून घेतली, तर ही खुर्ची तुमच्या प्रबंधात कधीच येणार नाही.

म्हणून सिनॉप्सिस लिहितानाच तीन गोष्टी ठरवा. सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन कोण गेलं, कोण राहिलं ते नोंदवा. सोडून गेलेल्या निदान काही जणांच्या मुलाखती घ्या. आणि फॉर्म मॅनेजरसमोर भरून घेऊ नका. तिथे खरं उत्तर देणं त्या कर्मचाऱ्याला परवडणारं नसतं.