अष्टमांश इंचापर्यंत

जेम्स जॉर्डन यांनी १९१४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, डॅनबरीजवळ मारलेल्या व्हाइटटेल हरणाच्या शिंगांचे गुण २०६ १/८. मिलो हॅन्सन यांनी १९९३ च्या नोव्हेंबरात कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, बिगार गावाजवळ मारलेल्या हरणाचे २१३ ५/८. पहिला क्रमांक हॅन्सन यांच्या हरणाचा. तरी त्या शिंगांच्या मापांचे दोन तक्ते शेजारीशेजारी ठेवून वाचावेत. त्यांत नुसती आकडेमोड नाही, सौंदर्याविषयीचा एक ठाम विचार आहे.

तक्ता अशा शिंगांची नोंद ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबचा. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापलेल्या या क्लबने आजची मापपद्धती १९५० मध्ये स्वीकारली. पोलादी फीत, मोजणी अष्टमांश इंचापर्यंत, आणि मोजण्याआधी शिंगे किमान साठ दिवस वाळलेली हवीत. ओली शिंगे वाळताना आक्रसतात, आणि त्या ओलाव्याचे श्रेय कुणाला द्यायचे नाही.

प्रत्येक शिंगाचा मुख्य दांडा बुडाच्या खडबडीत कड्यापासून टोकापर्यंत बाहेरच्या वळणावरून मोजतात. दांड्यातून वर निघणारा फाटा मोजण्याआधी तो कुठून सुरू होतो ते ठरवावे लागते. दांड्याची वरची कड फाट्याच्या बुडाशी तशीच पुढे गेली असती तर कुठून गेली असती, ती रेघ पेन्सिलीने आखायची आणि तिथून वर मोजायचे. एक इंचाहून कमी लांबीचे टोक टोकच नव्हे. लांबी रुंदीपेक्षा जास्त नसेल तरीही नव्हे. मला सर्वांत आवडते ती घेराची मोजणी. प्रत्येक शिंगाचा घेर चार जागी घेतात आणि दोन फाट्यांमधली सर्वांत बारीक जागा शोधून तिथेच फीत गुंडाळतात. शिंग जिथे दिमाखात फुगलेले असते तिथे मोजतच नाहीत. कारागिराची परीक्षा त्याच्या कामातल्या सर्वांत नाजूक सांध्यावर घ्यावी, तशी ही रीत आहे.

आता पुन्हा त्या दोन तक्त्यांकडे. जॉर्डन यांच्या हरणाचा उजवा दांडा ३० इंच, डावाही ३० इंच. बुडाजवळचे घेर ६ २/८ आणि ६ १/८. दोन्हीकडे पाच-पाच टोके. हॅन्सन यांच्या हरणाचे दोन्ही दांडे २८ ४/८ इंचांचे, आणि टोके उजवीकडे आठ, डावीकडे सहा. लांबीत जॉर्डन यांचे हरीण सरस आहे आणि डौलही मला त्याचाच अधिक भावतो. पण दोन शिंगांमधले आतले अंतर जॉर्डन यांच्या हरणाचे २० १/८ इंच आहे आणि हॅन्सन यांच्या हरणाचे २७ २/८. एवढ्या एकाच ओळीत सव्वासात इंचांच्या आसपास फरक पडतो, आणि अंतिम गुणांतला फरक साडेसात इंचांचा आहे! हे अंतर म्हणजे खरे तर मधली पोकळी, हाड नव्हेच. तिला श्रेय मिळते, पण अट अशी की लांब दांड्याच्या लांबीपेक्षा जास्त नाही. कवटी चिरलेली असेल तर ते अंतर भरवशाचे राहत नाही आणि नोंदही होत नाही.

तक्त्याचा खरा मनोव्यापार वजाबाकीत दिसतो. डाव्या-उजव्या मापांतला प्रत्येक फरक वजा होतो. वाकडी, भलत्या जागी फुटलेली टोकेही वजा होतात. अनेक शिकारी यावर नाराज असतात, कारण हरणाने वाढवलेले हाड आपण का खोडायचे? मला मात्र ही वजाबाकी पटते. शिंगे दरवर्षी गळतात आणि नव्याने, मखमली त्वचेखाली, अवघ्या काही महिन्यांत उगवतात. तेवढ्या अवधीत दोन्ही बाजू अष्टमांश इंचापर्यंत जुळाव्यात यासाठी धडधाकट शरीर, भरपूर चारा आणि दुखापतीविना गेलेला उन्हाळा लागतो. मागचा पाय जायबंदी झाला तरी पुष्कळदा विरुद्ध बाजूचे शिंग बिघडते. म्हणून त्या दोन ३० इंचांमध्ये मला एक अख्खा निरोगी मोसम वाचता येतो.

जॉर्डन यांच्या शिंगांचे नशीब मात्र वेगळेच. भुसा भरायला दिलेले डोके त्यांच्या हाती परत आलेच नाही. अनेक वर्षांनी ती शिंगे जुन्या सामानाच्या विक्रीत तीन डॉलरला विकली गेली, आणि ती जॉर्डन यांच्याच हरणाची असल्याचे क्लबने १९७८ मध्ये मान्य केले. त्याच वर्षी, थोडे आधी, जॉर्डन वारले होते.

बेढब शिंगांची यादी वेगळी आहे. तिथे भलती टोके वजा न होता मिळवली जातात. या यादीतले सर्वोच्च गुण ३३३ ७/८, मिसूरी राज्यात सेंट लुइस परगण्यात १९८१ मध्ये मेलेल्या अवस्थेत सापडलेल्या हरणाचे. ते कुणी मारले नव्हते, तरी क्लबने त्याची नोंद घेतली, कारण गुण शिंगांना असतात. ती शिंगे आज त्या राज्याच्या वन्यजीव संवर्धन विभागाकडे आहेत.